सामना नको, क्षण सांगा (भारतीय खेळांतले)

मैदानाबाहेरचा

'अविस्मरणीय क्षण' म्हटलं की तीच ठरलेली यादी येते: त्र्याऐंशी, दोन हजार अकरा, नीरजचा भाला. वाईट काहीच नाही त्यात, पण वाचून वाचून पाठ झालीय. म्हणून या धाग्याला एक अट घालतो. अख्खी स्पर्धा किंवा अख्खा सामना सांगायचा नाही. एकच क्षण सांगायचा: एक चेंडू, एक डाव, एक नेम. जिंकलेलाच हवा असं नाही, आणि टीव्हीवर पाहिलेला हवा असं तर मुळीच नाही. आपल्याकडचे बरेचसे मोठे क्षण देशातल्या फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेत.

सुरुवात मी करतो. ऑगस्ट १९७१, ओव्हल. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला हवाय तो त्यातला एक झेल. समोर ॲलन नॉट. पहिल्या डावात याच माणसाने ९० धावा काढून आपल्याला रडवलेलं. वेंकटराघवनचा चेंडू, नॉट पुढे येऊन नुसता थोपवतो, चेंडू जरासा उडतो आणि फॉरवर्ड शॉर्ट लेगवरून एकनाथ सोलकर सपाट पुढे झेपावतो. जमिनीपासून काही इंचांवर, जवळजवळ नॉटच्या बुटांपाशी, झेल! त्याचा फोटो आहे. सोलकर पूर्ण आडवा, नॉट खाली बघतोय. हेल्मेट नाही, काही नाही. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल, आणि तेही बहुतेक फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून.

नॉट टिकला असता तर १७३ चं लक्ष्य किती झालं असतं, याचा विचारही नको.

गुगलीपंत

पहिल्याच प्रतिसादात अवांतर करतो, माफी असावी. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि तिथल्या भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. आता ओव्हलवर साक्षात गजराज आल्यावर इंग्लंडचं काय चालणार!

दुसरं म्हणजे, विजयी चौकार आबिद अलीचा. तो मारला गेला तेव्हा कर्णधार अजित वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. सकाळीच धावबाद झालेले. उठवून सांगावं लागलं, जिंकलो म्हणून. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय आणि कर्णधार झोपेत. माझा क्षण हाच. झोपेचा.

काडेपेटी

आलं का पुन्हा क्रिकेट? धागा 'भारतीय खेळांतले' म्हणून उघडला आणि तीन परिच्छेद क्रिकेटचे. चालू द्या.

मातीगादी

काडेपेटी, भावा, थांब जरा. आमच्या सातारा-कोल्हापूरकडचं सांगतो.

खाशाबा जाधवांचं कांस्य सगळ्यांना ठाऊक आहे. हेलसिंकी, १९५२, बँटमवेट. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण धागाकर्त्यांनी क्षण मागितलाय, तर माझा क्षण पदकाचा नाही. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळेचा आहे. म्हणजे, जो वेळ मिळालाच नाही त्याचा.

जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलचक कुस्ती झाली. खाशाबा हरले. अंगात काही उरलेलं नाही. आणि लगेच पुकारा झाला, पुढची कुस्ती, सोव्हिएत रशियाच्या रशीद ममादबेयोवशी. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी. पण ते अधिकाऱ्यांना ठणकावून सांगायला आपल्या पथकातला एकही पदाधिकारी तिथं हजर नव्हता. पैलवानानं स्वतःच दाद मागायची, ती कुठल्या भाषेत? दमलेला माणूस तसाच गादीवर चढला आणि हरला. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

मला नेहमी वाटतं, आपल्या क्रीडा इतिहासातला सगळ्यात महाग अर्धा तास तो. कुणी उठून चार शब्द बोललं असतं तर रंग वेगळा असता की नसता, देव जाणे. पण बोलायला माणूस नव्हता हे खरं.

आणि हे विसरू नका की चारच वर्षं आधी, १९४८ ला लंडनमध्ये, हा मातीतला गडी आंतरराष्ट्रीय नियमांनी गादीवर पहिल्यांदाच खेळत होता. तिथं सहावा आला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारी सत्काराची वाट आमच्या लोकांनी बघितली नाही.

शतांश

मातीगादी, काय लिहिलंय! तो अर्धा तास आता डोक्यातून जाणार नाही.

माझा क्षण एका शतांश सेकंदाचा. लॉस एंजेलिस, १९८४, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. पी. टी. उषा ५५.४२, रोमानियाची कोजोकारू ५५.४१. चौथी. महिलांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आलाच त्या वर्षी, आणि उषाही त्यात नवखीच होती. आधी एकदा सुरुवात चुकली, सगळ्यांना परत बोलावलं, शर्यत पुन्हा लावली. धावपटूंना विचारा, झकास सुटल्यावर परत येऊन पुन्हा ब्लॉकवर बसणं म्हणजे काय असतं.

शेवटच्या रेषेवर छाती पुढे झोकायची असते. वेळ छातीची धरतात; पाय किंवा डोकं आधी पोहोचून उपयोग नाही. ती झोक उषाला एक लवभर उशिरा जमली. फोटोफिनिश बघितल्याशिवाय पंचांनाही निकाल सांगता आला नाही.

पायरीवरचा

हरलेल्या क्षणांचीच गर्दी होणार असं दिसतंय. मिल्खा (रोम, १९६०, चौथे), उषा चौथी, दीपा कर्माकर (रिओ, २०१६, जिम्नॅस्टिक्समधली अवघड प्रोदुनोवा उडी, ०.१५ गुणांनी हुकलं) चौथी. आपल्याला चौथ्या नंबरचं एवढं काय कौतुक आहे? सुवर्णपदकवाल्यांना दोन ओळी आणि चौथ्यांना दोन पानं.

शतांश

पायरीवरचा, कौतुक नाही हो, हळहळ आहे. सुवर्णाचा क्षण पूर्ण होऊन जातो. चौथ्या नंबरचा होत नाही, म्हणून लोक तो पुन्हा पुन्हा खेळतात. बाकी तुमचं म्हणणं पटतंय, सुवर्णवाल्यांवरही लिहा की. कुणी अडवलंय?

पायरीवरचा

लिहितो. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, १० मीटर एअर रायफल. शेवटचा नेम शिल्लक आणि अभिनव बिंद्रा व फिनलंडचा हेन्री हाक्किनेन यांची बेरीज दशांशासकट सारखी. म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं असंच समजा, उरला एक नेम. बिंद्रा: १०.८. हाक्किनेन: ९.७. त्या एका नेमात तो फिनिश गडी सुवर्णाच्या बरोबरीवरून कांस्यावर घसरला, मध्ये चीनचा झू क्विनान शिरला.

१०.९ च्या वर गुणच नसतात. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात जड नेमावर माणूस जवळजवळ परिपूर्ण मारतो आणि बंदूक खाली ठेवताना चेहऱ्यावर सुरकुती नाही. आम्ही घरात नाचतोय आणि हा मख्ख! मला त्या मख्खपणाचंच जास्त आकर्षण आहे.

मैदानाबाहेरचा

वा! धागा रुळावर आला. काडेपेटी, आता तरी खूश?

काडेपेटी

खूश कसला. हॉकी कुठाय?

रेडिओकाका

हॉकी घेऊन आलोय, काडेपेटी साहेब.

मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषक. सगळे अंतिम सामन्यातला अशोक कुमारचा गोल सांगतात. चेंडू खांबाच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पाकिस्तानने हुज्जत घातली, पंच ठाम राहिले. ध्यानचंदांचा मुलगा, समोर पाकिस्तान, २–१. सांगण्यासारखं आहेच.

पण तो सामना आपल्या वाट्याला आला तो उपांत्य फेरीतल्या एका फटक्यामुळे. समोर यजमान मलेशिया, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच गर्दीत. १–२ ने मागे, वेळ संपत आलेली. बाकावरून अस्लम शेर खानला आत पाठवलं. पोरगा बदली म्हणून आलेला, अंगाला घामही नाही. पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्याने गळ्यातला ताईत ओठांना लावला आणि मारला. गोल! मग जादा वेळेत हरचरण सिंगने तिसरा केला आणि आपण अंतिम फेरीत.

हे आम्ही 'ऐकलं'. आकाशवाणीवर जसदेव सिंग. त्यांचा आवाज चढायला लागला की चेंडू डीमध्ये शिरलाय हे कळायचं, शब्द समजायची गरज नसायची. चित्रं नंतर कधीतरी पाहिली, तर खरं सांगतो, रेडिओवरचं मैदान मोठं होतं.

गुगलीपंत

काका, शेवटच्या वाक्याला दंडवत.

न दिसलेल्या क्षणांत टनब्रिज वेल्स आलंच पाहिजे. १८ जून १९८३, झिम्बाब्वेविरुद्ध आपण १७ वर ५ बाद. कपिल नाबाद १७५. बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप, म्हणून चित्रीकरणच नाही. भारताचं एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक आणि त्याची एक चित्रफीत नाही! त्या खेळीत माझा क्षण किरमाणी मैदानात येतो तो. १४० वर ८. तिथून नवव्या विकेटसाठी नाबाद १२६, त्यात किरमाणीचे २४. म्हणजे त्याने काय केलं? उभा राहिला. इतिहासात उभं राहणाऱ्यांची नोंद नीट होत नाही.

नवी_मुंबईकर

नमस्कार, मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मला अट मोडायचीय, पण प्रयत्न करते.

३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३३८. एवढा पाठलाग महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत तोवर कुणीच केलेला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्जला मध्ये एका सामन्यात वगळलं होतं. आणि या सामन्यात आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला खेळायला उतरण्याच्या जेमतेम आधी कळलं. नाबाद १२७. शतक झालं तेव्हा तिने बॅटसुद्धा नीट उंचावली नाही. हातवारे करून आनंद नाही, काही नाही, परत स्टान्स. कारण काम संपलेलं नव्हतं. माझा क्षण तो. न साजरं केलेलं शतक.

बाकी मग अंतिम सामना, २ नोव्हेंबर, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. शेफाली ८७, दीप्ती ५८ आणि ५ बळी. आमच्याच मैदानावर, आमच्याच गाडीच्या स्टेशनाशेजारी! पुढे लिहीत नाही, रडायला येतं.

मैदानाबाहेरचा

ताई, अट मोडली नाहीत, उलट पाळून दाखवलीत. त्या अंतिम सामन्यानंतरचा एक क्षण जोडू का? हरमनप्रीत प्रशिक्षकांच्या पाया पडली. अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळीने शारदाश्रमसाठी ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला पुढचा फलंदाज हाच. मुंबईसाठी पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. उपांत्य सामन्याच्या दिवशी त्याने फळ्यावर एवढंच लिहिलं होतं म्हणतात, की त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी, बस्स. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेला माणूस याहून लांब भाषण करणारच नाही.

काडेपेटी

आता अमोलपर्यंत आलातच तर ते सूर्यकुमारचंही काढा. बार्बाडोस, २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. ६ चेंडूंत १६, पंड्याचा फुलटॉस, मिलर, आणि सीमेवरचा तो झेल. दोरी सरकली होती की नव्हती? (काडी टाकून पळालो.)

गुगलीपंत

आधीच्या सामन्याच्या सीमारेषेचा पट्टा गवतावर दिसत होता, त्यावरून समाजमाध्यमांवर जो तो पंच झाला. त्या दिवशी सीमा म्हणजे दोरी जिथे होती तिथे. तिसऱ्या पंचांनी पाहिलं, बाद दिलं. विषय संपला. झेल मात्र काय होता! आत पकडला, रेषेबाहेर जाताना चेंडू आत उडवला, बाहेर पाऊल, परत आत, परत झेल. सगळं डोकं थंड ठेवून. मुंबईच्या मैदानांवर एकमेकांत घुसलेल्या पंधरा सामन्यांमधून चेंडू ओळखायची सवय असली की असं होतं.

काडेपेटी

बरं, मान्य. आता गंभीरपणे लिहितो, नाहीतर म्हणाल नुसता चिमटे काढतो.

बर्मिंगहॅम, २०२२, राष्ट्रकुल, ३००० मीटर स्टीपलचेस. या शर्यतीत १९९८ पासून तिन्ही पदकं केनियाची. तिन्ही! बाकीचे देश चौथ्या जागेसाठी धावायचे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, सैन्यातला जवान, सियाचीनला राहून आलेला. शेवटच्या फेरीत तीन केनियन पुढे आणि हा मागे. मग एकाला गाठलं, दुसऱ्याला गाठलं, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात किबिवोटच्या खांद्याला खांदा. ८:११.१५ आणि ८:११.२०. पाच शतांश. रौप्य.

आमच्या मराठवाड्यात पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायच्या शर्यतीत कुणी जगात नाव काढावं, यातला विनोद ज्याला कळायचा त्याला कळेल.

शतांश

काडेपेटी, हा तुमचा आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद. स्टीपलचेसच काढलंत तर सातारच्या माणची ललिता बाबर पण घ्या. रिओत अंतिम फेरीत दहावी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई, म्हणजे मध्ये ३२ वर्षं गेली. दुष्काळी तालुके आणि पाण्याचा अडथळा यांचं काहीतरी जमतं खरं.

अडीचघर

बुद्धिबळ चालेल का? मैदान नाही म्हणून विचारतो.

जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. दोन्ही बाजूंना भारतीय: कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. पारंपरिक डाव बरोबरीत, मग जलद डावांचा टायब्रेक. दुसऱ्या जलद डावात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळतेय. वेळेच्या दडपणाखाली हंपीचा हात चुकला आणि दिव्याने प्यादं सोडलं नाही. हंपीने हात पुढे केला आणि पोरगी रडायलाच लागली. आईच्या गळ्यात पडून रडली.

गंमत अशी की तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धांत गाठायचा कामगिरीचा टप्पा) नव्हता. लोक तीन नॉर्मसाठी वर्षानुवर्षं युरोप पालथा घालतात. ही विश्वचषक जिंकली आणि किताब थेट मिळाला. भारताची ८८वी ग्रँडमास्टर.

मातीगादी

चालेल म्हणजे? पळेल! आमच्या राधानगरीचा स्वप्नील कुसाळे राहिला की. कांबळवाडी. पॅरिस, १ ऑगस्ट २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून झालं तेव्हा सहावा, झोपून झालं तेव्हा पाचवा, आणि उभ्यानं मारायला लागला तसा एकेकाला मागं टाकत कांस्यापर्यंत. तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

रेडिओकाका

मातीगादी, तुम्ही ७२ म्हणालात तेव्हा मला दुसरं ७२ आठवलं.

१९७२, हायडेलबर्ग, पश्चिम जर्मनी. पॅरालिंपिक. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि सुवर्ण. मूळचे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं, तेव्हा पोहायला लागले. भारताच्या पहिल्या वैयक्तिक सुवर्णाचा क्षण तो. त्या वेळी रेडिओवर ऐकल्याचंही मला आठवत नाही, आणि मी काही सुटू द्यायचो नाही. पद्मश्री मिळाली २०१८ ला. अर्जुन जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीत. खाशाबांना अर्जुन मिळाला तेव्हा तर ते हयातच नव्हते.

पायरीवरचा

काका, एक शंका. मुलांच्या प्रश्नमंजुषेत 'भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक' असं विचारतात आणि उत्तर बिंद्रा धरतात. मीही तेच पाठ केलं होतं. मग बरोबर काय?

मैदानाबाहेरचा

प्रश्नात 'ऑलिंपिक' लिहिलं असेल तर बिंद्रा, २००८. 'पॅरालिंपिक' लिहिलं असेल तर पेटकर, १९७२. दोन्हीपैकी काहीच लिहिलं नसेल तर पोराला सांगा, हात वर करून प्रश्न नीट विचारायला लाव.

काडेपेटी

आणि खो-खो? जानेवारी २०२५, दिल्ली, पहिला विश्वचषक, पुरुष आणि महिला दोन्ही आपले, दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळ. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. इतके प्रतिसाद झाले आणि एकानेही एक 'खो' दिला नाही. मी देतोय, उठा कुणीतरी.